हत्तीचं पिल्लू : 'हू' की 'विच'?



बडोद्यातले आपले जुने वाडे, गायकवाडांच्या चाकरीसाठी इथे येऊन राहिलेले पणजोबा-खापरपणजोबा, यांच्याबद्दल मी इथे बऱ्याच वेळा लिहिलं आहे. आज विषय थोडा निराळा आहे. इंग्रजी व्याकरणाचा आहे आणि हत्तीच्या पिल्लाचाही आहे. दोन्हींचा संबंध काय, असं वाटेल. पण संबंध आहे, आणि 2025 च्या पावसाळ्यात आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जेवताना जो वाद पेटला होता, त्याच्याशीही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. हत्तीचं पिल्लू ही वस्तू नव्हे, तो 'कोणीतरी' आहे. एवढं आपण सगळे हसत हसत मान्य करतो. पण एकदा ते मान्य केलं की तो 'कुणाचा' हा प्रश्न विचारायचा आपला हक्क संपतो. ते मात्र कबूल करायला आपण तयार नसतो. सगळा घोळ तिथे आहे.

आता व्याकरण. माझी नात सहावीत आहे. शनिवारी संध्याकाळी तिचं इंग्रजी मी घेतो. बी. कॉम. झालेल्या माणसाचं इंग्रजी ते काय असणार, पण उभा जन्म बँकेत हेड ऑफिसला पत्रं लिहिण्यात गेला, त्यामुळे कुठला शब्द कुठे बसतो एवढं कळतं. धडा 'रिलेटिव्ह प्रोनाउन्स'चा होता. माणसासाठी 'हू', वस्तूसाठी आणि जनावरासाठी 'विच', 'दॅट' दोन्हीकडे चालतो, मालकी दाखवायची तर 'हूज', आणि ज्याच्यावर क्रिया होते त्याच्यासाठी 'हूम'. वहीत गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. एक वाक्य असं होतं : 'धिस इज द बेबी एलिफंट, डॅश, लॉस्ट इट्स मदर.' हे ते हत्तीचं पिल्लू, ज्यानं आपली आई गमावली. पोरीनं 'हू' लिहिलं होतं. त्यावर लाल फुली आणि शेजारी 'विच'.

ती मला म्हणाली, "आजोबा, विच म्हणजे पेन्सिल, खुर्ची, बॅग. ज्याची आई गेली तो खुर्ची कसा?"

आता पुस्तकी नियम पाहिला तर बाईंनी तपासलं ते बरोबरच होतं, आणि परीक्षेत तसंच लिही असं मी तिला सांगितलं. पण तिचा प्रश्नही खोटा नव्हता. इंग्रजी वापरणाऱ्यांनासुद्धा तो सुटलेला नाही. असोसिएटेड प्रेस या मोठ्या वृत्तसंस्थेची लेखनाची नियमावली आहे, जगभरातले इंग्रजी पत्रकार ती प्रमाण मानतात. तिच्यात असं आहे की माणसाला 'हू' लावा, आणि ज्या प्राण्याला नाव आहे त्यालाही 'हू' लावा. बिननावाच्या प्राण्याला आणि निर्जीव वस्तूला 'दॅट' किंवा 'विच'. म्हणजे बारसं झालं तर तुम्ही कोणीतरी, नाहीतर खुर्ची-टेबलाच्या रांगेत. 2021 मध्ये काही लोकांनी या संस्थेला खुलं पत्र लिहून मागणी केली की सगळ्याच प्राण्यांना 'हू' म्हणा. त्या पत्रावर जेन गुडॉल यांची सही होती. चिंपांझींचा अभ्यास करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्याच या बाई. तरुणपणी त्यांनी पहिला शास्त्रीय निबंध पाठवला, तेव्हा संपादकानं त्यातले सगळे 'ही' आणि 'शी' खोडून 'इट' केले होते, 'हू' खोडून 'विच' केले होते. बाईंनी ते खोडलेलं पुन्हा खोडून आपले शब्द परत घातले. तेव्हा लाल फुली मोठमोठ्यांच्याही वाट्याला आलेली आहे.

आपल्या मराठीत ही अडचणच येत नाही. 'जो माणूस', 'जो हत्ती', 'जो दगड' : सगळ्यांना एकच 'जो'. शिवाय आपल्याकडे पिल्लू नपुंसकलिंगी, तसंच मूल, बाळ, लेकरूही नपुंसकलिंगी. 'ते रडतंय' म्हटलं तर हत्तीचं पिल्लू असेल नाहीतर शेजारच्यांचं तान्हं असेल. आपण दोघांना एकाच ओळीत बसवलंय. कडेवरच्या बाळाला आपण विचारतो, "कोण आलंय बघ?" आणि उत्तर असतं माऊ किंवा भूभू. 'काय आलंय' असं कुणी विचारत नाही. पण म्हणून आपण फार शहाणे असं समजायचं कारण नाही. भाषेत पिल्लाला लेकराशेजारी बसवलं, तरी व्यवहारात आपण काय केलं ते पुढे येईलच.

हत्तीचं पिल्लू वाढवणं म्हणजे काय असतं, हे आधी नीट पाहू. आपण 'हत्ती पोसणं' हा शब्द फक्त खर्चापुरता वापरतो, म्हणून सांगतो.

हत्तीण जवळजवळ 20 ते 22 महिने गाभण असते. जन्मलेलं पिल्लू साधारण 100 किलोचं. ऐकायला दांडगं वाटतं, पण असतं ते अगदी तान्हं. त्याला सोंड असते, पण तिचं करायचं काय हे कळत नाही. नुसती लोंबत असते, कधी स्वतःच्याच पायाखाली येते. ती वापरायला शिकण्यात महिनेच्या महिने जातात. दूध ते सोंडेनं पीत नाही, सोंड बाजूला करून तोंडानं पितं. हत्तिणीचे स्तनही इतर जनावरांसारखे मागच्या पायांत नसतात, पुढच्या दोन पायांमध्ये, छातीशी असतात, आणि दोनच असतात. पिल्लू दोन-तीन वर्षं आणि त्यानंतरही अंगावर पितं. झोपतं ते आईच्या सावलीत. आजूबाजूला मावश्या, मोठ्या बहिणी, आजी असा बायकांचाच कळप असतो. सगळ्या मिळून सांभाळतात. ते कळपातल्या मोठ्यांचं ताजं शेणही खातं, कारण चारा पचवायला लागणारे जंतू त्यातूनच पोटात जातात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत जितकी माणसं लागतात, त्यापेक्षा इथे जास्तच लागतात म्हणा.

आता अशा पिल्लाची आई मेली तर? पहिली अडचण दुधाची. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक नावाच्या बाई होत्या. त्यांचे यजमान डेव्हिड शेल्ड्रिक त्सावोच्या जंगलाचे वॉर्डन. आई मेलेली पिल्लं त्यांच्याकडे यायची आणि अगदी तान्ही असतील तर मरायची. गायीच्या दुधातली चरबी त्यांना पचत नव्हती. बाईंनी वीसहून अधिक वर्षं निरनिराळी दुधं करून पाहिली. शेवटी लागू पडलं ते लहान मुलांच्या डब्यातल्या दुधात खोबरेल तेल घालून केलेलं मिश्रण. त्या दुधावर आयशा नावाचं एक पिल्लू जगलं, वाढायला लागलं. 1974 मध्ये बाई मुलीच्या लग्नासाठी काही दिवस बाहेरगावी गेल्या. आयशानं खाणंपिणं टाकलं आणि ती गेली. दूध तेच होतं, पाजायला माणसंही होती. बाई मात्र नव्हत्या.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. 'विच'ला असं होत नाही, मंडळी. खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली तर ती जेवण सोडत नाही.

यातून बाईंनी जे शिकून घेतलं, ते मला दुधापेक्षाही मोठं वाटतं. प्रेम कमी करायचं नाही, पण ते एका माणसावर टांगून ठेवायचं नाही. यजमानांच्या पश्चात 1977 मध्ये त्यांनी संस्था काढली. तिथे एका पिल्लाला एक सांभाळणारा नसतो. माणसांचा चमूच असतो, आणि पिल्लाशेजारी रात्री झोपणारा माणूस पाळीनं बदलतो. दर तीन तासांनी बाटली. थंडीत अंगावर पांघरूण. दूध पिताना सोंड कशाला तरी टेकवायची सवय असते, म्हणून आईच्या पोटाऐवजी टांगलेली घोंगडी. हे सगळं करायचं आणि डोळ्यांसमोर काय ठेवायचं? तर ते एक दिवस आपल्याला सोडून जाईल. पिल्लू साधारण तीन वर्षांचं झालं की त्याला त्सावोला नेतात. तिथे आधी मोठी झालेली अनाथ पोरं असतात, रानटी कळप असतात. कधी जायचं ते पिल्लू ठरवतं. काही जण लवकर जातात, काहींना वर्षंच्या वर्षं लागतात. गेलेल्या काही हत्तिणी पुढे स्वतःचं पिल्लू घेऊन सांभाळणाऱ्यांना भेटायला आल्या आहेत. माहेरी यावं तसं.

हे आफ्रिकेतच होतं असं नाही. श्रीलंकेत उडावालावे इथे 1995 पासून अनाथ पिल्लांसाठी एक केंद्र आहे. त्याच्या नावातच 'ट्रान्झिट' आहे, म्हणजे मुक्कामाची जागा, घर नव्हे. तिथे दूध वेळेवर मिळतं, पण माणसांशी लाडीगोडी मुद्दाम होऊ देत नाहीत, आणि मोठी झालेली पिल्लं गटानं जंगलात सोडतात. आपल्या आसामातही काझीरंगाजवळ 2002 पासून असं केंद्र चालतं. तिथली पिल्लं मानसच्या जंगलात सोडली गेली आहेत.

आता आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या पिल्लाकडे येऊ. तामिळनाडूत मुदुमलैच्या जंगलात थेप्पकाडूचा हत्ती कॅम्प आहे. 2017 मध्ये आई गेलेला रघू तिथे आला. बोम्मन आणि बेल्ली या काट्टुनायकन जमातीच्या जोडप्यानं त्याला वाढवलं. कार्तिकी गोन्साल्विस यांनी त्यावर माहितीपट केला, 'द एलिफंट व्हिस्परर्स'. 2023 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. आमच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. रघूला अंघोळ घालतात, रघू खट्याळपणा करतो, रघूच्या गळ्यात हार घालतात. मग अम्मू नावाचं दुसरं पिल्लू येतं, तो तिचा दादा होतो. आणि रघू मोठा झाल्यावर वनखातं त्याला दुसऱ्या माहुताकडे सोपवतं. बोम्मन-बेल्लीचे चेहरे पाहून आमच्या घरात कोणाचेच डोळे कोरडे राहिले नाहीत.

पण रघूची आई कशानं मेली? विजेच्या धक्क्यानं. ती बातमी इंग्रजीत लिहायची तर पत्रकारांच्या नियमानं रघूला 'हू' लागेल, कारण त्याला नाव मिळालं. आईला 'विच' लागेल, कारण तिचं नाव कुणी ठेवलं नव्हतं. आपण जिच्या पोरासाठी रडलो, ती स्वतः 'विच'च राहिली. मला हे खटकतं. पिल्लू वाढवण्याच्या कौतुकात आपण विसरतो की त्याला वाढवायला एक आई होती, मावश्या होत्या, अख्खा कळप होता. ते सगळं आपल्या बाजूनं तुटलं, म्हणून आपली पाळी आली.

इथे शेतकऱ्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं, असं मला म्हणायचं नाही. बेळगाव-खानापूरकडचे, चंदगड, आजरा, दोडामार्गकडचे जे सदस्य इथे आहेत त्यांना मी काय सांगणार. एका रात्रीत केळीची बाग झोपते, ऊस तुडवला जातो, आणि भरपाईचे कागद महिनोन्महिने फिरतात. शेतकरीही 'हू'च आहे. पण कुंपणाकुंपणात फरक असतो, तो सांगायला हवा. सौर कुंपणात मशीन असतं, ते क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. घरातल्या किंवा खांबावरच्या लाइनची तार थेट कुंपणाला जोडली तर प्रवाह सलग वाहतो आणि चिकटलेला जीव सुटत नाही, मग तो हत्ती असो, गाय असो, नाहीतर पहाटे पाणी सोडायला गेलेला घरचाच माणूस असो. असं करणं बेकायदाही आहे. सौर कुंपणासाठी अनुदान आणि भरपाई वेळेवर मिळणं, या दोन गोष्टी झाल्या तर कित्येक पिल्लांना बाटलीनं दूध पाजायची वेळच येणार नाही. हे काम ऑस्करचं नाही, फायलींचं आहे. पण बँकेत काम केल्यामुळे फायलीनं किती घरं वाचतात किंवा बुडतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता 'हूज'. कुणाचा?

आपल्याकडे हत्ती म्हटलं की पहिला प्रश्न हाच. आपल्या भाषेतच पाहा. दारी हत्ती झुलतात, म्हणजे घर श्रीमंत. हत्तीवरून साखर वाटली, म्हणजे आनंद मोठा. पांढरा हत्ती पोसला, म्हणजे खर्च फुकट. प्रत्येक ठिकाणी हत्ती कुणाचा तरी आहे, आणि त्याच्यावरून मोजला जातोय तो मालक. आमच्या बडोद्यात हाथीखाना म्हणजे आता धान्याचा घाऊक बाजार. गव्हाची पोती उतरवताना तिथे कधी गायकवाडांचे हत्ती बांधलेले असत, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. अग्गड म्हणजे हत्तींच्या झुंजीचं मैदान. 1860 च्या दशकात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला आला होता, त्यानं खंडेराव महाराजांच्या काळातल्या त्या झुंजींचं वर्णन लिहून ठेवलंय. त्या खेळाला आपण साठमारी म्हणतो. कोल्हापुरातही साठमारीचं मैदान आहे. महाराजांचे हत्ती, महाराजांचा थाट. त्या हत्तींची लहानपणी धरपकड कशी झाली, कुठल्या कळपातून ते आले, हे कोणत्या दप्तरात असेल तर असेल, आपल्या आठवणींत मात्र नाही.

त्या साठमारीत हत्ती लढायचे आणि माणसं बघायची. 2025 च्या पावसाळ्यात उलट झालं. हत्तीण उभी राहिली आणि माणसं लढली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठातल्या महादेवीबद्दल, म्हणजे माधुरीबद्दल बोलतोय. ती लहानपणी मठात आली आणि तीन दशकांहून अधिक काळ तिथे राहिली. प्राणीमित्रांची तक्रार, समितीचे अहवाल, मग मुंबई उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, आणि जुलैच्या अखेरीला तिला जामनगरच्या वनतारात नेलं. अख्खं गाव रडलं. मोर्चे निघाले, सिमकार्डं बदलली. नंतर तिच्यासाठी नांदणीकडेच केंद्र उभारायच्या गोष्टीही सुरू झाल्या.

आमची जयसिंगपूरची नातेवाईक मंडळी फॅमिली ग्रुपवर लिहायला लागली : "तुमच्या गुजरातनं आमची माधुरी नेली." इकडून आमच्या एका पुतण्यानं उत्तर दिलं, "इथे तिला दवाखाना आहे, तलाव आहे, तुम्ही काय दिलं?" दोन दिवसांत सणाच्या शुभेच्छाही बंद झाल्या. मला मोठी गंमत वाटली, आणि वाईटही वाटलं. आपण पिढ्यान्पिढ्या बडोद्यात राहिलो, तरी इथे आपल्याला 'दक्षिणी' म्हणतात. पुण्याला लग्नाला गेलो की 'गुजरातचे पाहुणे'. "तुम्ही नक्की कुठले, कुणाचे?" हा प्रश्न ऐकत ऐकत आपण म्हातारे झालो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. जिथे राहतो, जिथे आपली माणसं आहेत, तिथले आपण. दुसरं उत्तर आपल्याजवळ नाही. मग त्या हत्तिणीसाठी तरी आपण 'आमची की तुमची' एवढाच प्रश्न का विचारावा?

नांदणीच्या लोकांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तीस-तीस वर्षं जिला गूळ-केळी भरवली, जिच्यापुढे लेकरांना उभं केलं, तिच्यासाठी माणसं रडणारच. आणि न्यायालयात तिच्या पायांचा, सांध्यांचा, एकटेपणाचा मुद्दा आला, तोही हवेतून आलेला नव्हता. पण तिच्या लहानपणी, ती पिल्लू असताना जो प्रश्न विचारायला हवा होता, तो ती म्हातारपणाकडे झुकल्यावर विचारला गेला, हे खरं दुखणं आहे. हत्तीण कळपात राहणारी. इतर हत्तींशिवाय काढलेली तीस वर्षं माणसांनी कितीही गर्दी केली तरी भरून येत नाहीत. आणि मग तिला माणसांपासूनही अचानक उचललं. आयशाची गोष्ट ज्यानं वाचली आहे त्याला कळेल की एका रात्रीत नेणं हेसुद्धा सोपं नसतं, भले नेणाऱ्याचा हेतू चांगला असो. तिच्या ओळखीची माणसं काही महिने तिच्याजवळ ठेवायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदाही इथे दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हत्ती पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण. 2010 मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हटलं. आणि त्याच कायद्यात पाळीव हत्तीसाठी मालकीचा दाखला आहे. 2022 च्या दुरुस्तीनं धार्मिक 'किंवा इतर कारणासाठी' तो हस्तांतरित करायची वाटही ठेवली. वारसाही आणि मालमत्ताही. बँकेत आम्ही तारण लिहून घेताना ट्रॅक्टर, म्हैस, दागिने असे रकाने भरायचो. एकच गोष्ट दोन रकान्यांत लिहिली तर ऑडिटर कान धरायचा. इथे दोन्हीकडे नोंद आहे आणि कुणाला काही वाटत नाही.

कोणी म्हणेल, आजोबा, मग मठांनी, देवळांनी, कॅम्पांनी काय हत्ती रस्त्यावर सोडायचे? अजिबात नाही. आज जे माणसांत वाढलेले आहेत, त्यांना जंगलात सोडणं म्हणजे सत्तरीच्या माणसाला परगावी बसस्टँडवर उतरवून येणं. त्यांना मरेपर्यंत नीट सांभाळायचं : मऊ माती, पाणी, फिरायला जागा आणि आजूबाजूला दुसरे हत्ती. माहुताला पगार, त्याच्या पोरांना शाळा. मी बोलतोय ते यापुढच्या पिल्लांबद्दल. एकही नवं पिल्लू 'कुणाचं तरी' होता कामा नये. आईपासून चुकलेलं पिल्लू दिसलं तर फोटो काढत, केळी देत त्याच्याभोवती जमायचं नाही. लांब राहून वनखात्याला कळवायचं, कारण कळप जवळपास असू शकतो आणि पहिला प्रयत्न त्याच्याशी गाठ घालून द्यायचाच असतो. ते जमलंच नाही तर वाढवायचं, पण परत पाठवण्यासाठी वाढवायचं. आणि आई विजेनं मेली असेल, तर पिल्लाच्या बारशाआधी ती तार कुणी, का जोडली याचा तपास लागला पाहिजे.

नातीला मी एक गोष्ट समजावली, ती इथेही सांगतो. इंग्रजीचा 'हू' एकटा उभा राहू शकतो. आपल्या 'जो'ला ती मुभा नाही. 'जो' म्हटलं की मागोमाग 'तो' यावाच लागतो, नाहीतर वाक्य लटकतं. 'जो पेरील' एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा विचारणार, बरं मग? आमच्या भाषेत सांगायचं तर नावे टाकलं की जमेला काहीतरी यायलाच हवं, त्याशिवाय दिवसाचा हिशेब जुळत नाही. हत्तीच्या पिल्लाच्या बाबतीत आपण फक्त पहिला अर्धा भाग म्हणत आलो आहोत. ज्यानं वाढवलं, ज्यानं भरवलं, ज्यानं नाव ठेवलं. पुढचं 'त्यानं' काय करायचं, ते वाक्यात येतच नाही.

माझ्या मते पूर्ण वाक्य असं आहे : जो हत्तीचं पिल्लू हातात घेईल, त्यानं ते हत्तींना परत द्यायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

आपलं मत वेगळं असेल तर जरूर लिहा, विशेषतः नांदणी-जयसिंगपूरकडच्या आणि खानापूर-दोडामार्गकडच्या मंडळींनी. वाद झाला तरी चालेल. फक्त लिहिताना तिला एकदा तरी 'कोण' म्हणून डोळ्यांपुढे आणा आणि मग लिहा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, बडोदे